वैद्यबुवांचा होकार

ज्योतीरामच्या पत्राला श्यामरावांनी उत्तर दिलं नव्हतं. महिना होत आला, तरी ते पत्र टेबलावर उघडंच होतं. वहीचा फाडलेला कागद, एक ओळ सोडून लिहिलेलं गोल अक्षर. 'कंपनीचा डॉक्टर मान वर करून बघत नाही. तुम्ही माझं तासभर ऐकलं. म्हणून त्याच्या रक्तातल्या साखरेवरच्या गोळ्या मी बंद केल्या. आता फक्त तुमचा काढा. मी बरोबर केलं ना, तेवढं लिहून कळवा.'

एका शब्दाचं काम होतं. पण श्यामराव पडले पुस्तकी माणूस. उत्तर लिहायला बसले की शरीर आणि मन एकच कसं, जुने ग्रंथ काय म्हणतात, नव्या औषधांना आपण नावं ठेवावीत का, आपला अधिकार तो काय, असं करत कागद भरे आणि टोपलीत जाई. आणि खरं सांगायचं तर 'तुम्ही माझं तासभर ऐकलं' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की त्याच्या पुढचं धूसर होऊन गेलं होतं. कासारवाडीतल्या त्यांच्या एका खोलीच्या दवाखान्यात तशी वर्दळ नसेच. जो येई त्याची नाडी बघायची, मग त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, खोडून काढायचं नाही, ही त्यांची रीत. माणूस बोलून मोकळा झाला की अर्धा बरा होतो, असं ते मानत.

आणि मग एक दिवस सुभद्राबाई आली. ज्योतीरामची बायको. दारात उभी राहिली, चप्पल काढली नाही.

"तुमीच का ते ऐकणारे वैद्य?"

"या ना, बसा ताई."

"बसायला न्हाई आले. आमच्या ह्यांच्या पायाला जखम झालीय. आंगठा काळा पडायलाय. दवाखान्यात चला म्हणलं तर म्हणतेत, वैद्यबुवांनी गोळ्या सोडायला लावल्यात."

"मी? मी असं कधी बोललोच नाही!"

"मग नगं म्हणलात का?"

श्यामरावांची नजर टेबलावरच्या पत्राकडे गेली.

"बघा, पुन्हा गप!" सुभद्राबाईचा आवाज चढला. "आमच्या गावाकडं सोयरीक आली की थोरल्याला विचारतेत. नगं असंल तर थोरला तिथल्या तिथं नगं म्हणतो. गप बसला की समदे गूळ वाटायला उठतेत. ह्यांनी तुमाला थोरलं मानलं. पत्र टाकलं, तुमी गप बसलात. ह्यांनी गूळ वाटला!"

आतल्या खोलीतून पद्माबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली नाही. "मी लग्न झाल्यापासून याच गप्प बसण्यावर भांडतेय," त्या म्हणाल्या. "आता चपला घाला आणि जा त्यांच्याबरोबर."

महाळुंग्याला त्यांच्या घरापर्यंत रिक्षात सुभद्राबाई रस्त्याकडेच बघत होती. श्यामरावांना तिचं बोलणं परवडलं असतं. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. एका खोलीत ज्योतीराम खाटेवर पडला होता. पायाला जुन्या साडीची चिंधी, आणि जवळ गेल्यावर वास. वैद्यबुवांना बघून त्याचा चेहरा उजळला. मागून बायको आत आली तसा तो विझला.

"ज्योतीराम, गोळ्या सुरू कर," श्यामराव उभ्याउभ्याच म्हणाले. बसले की धीर सुटेल, हे त्यांना माहीत होतं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. माझा काढा साखरेवर नव्हताच रे. तो झोपेचा होता."

"हिनं भरवलंय तुमाला."

"नाही, मी माझ्या मनानं..."

"तुमच्या मनानं? मग महिनाभर कुठं होतं मन? आज ही दारात येऊन वरडली, तवा बोलायलात." ज्योतीराम कोपरावर उठला. "मी समजलो होतो तुमी येगळे. तुमी बी त्या डॉक्टरासारखेच! त्यानं मान वर केली न्हाई, तुमी तोंड उघडलं न्हाई."

श्यामरावांनी पाय बघायला हात पुढे केला. ज्योतीरामनं पाय ओढून घेतला आणि कळ मस्तकात जाऊन ओरडला.

"हात लावायचा न्हाई! मी कागदावर इचारलं, कागदावर सांगा. हितं हिच्या म्होरं न्हाई. घरी जाऊन, शांत बसून लिहा. पोस्टानं आलं तरच मी मानंन की ते तुमचं हाय."

"पोस्टमन यायच्या आत पाय जाईल की, शहाणे!" सुभद्राबाईनं फळीवरची काढ्याची बाटली उचलली आणि दाराबाहेर गटारात रिकामी केली. रिकामी बाटली तिनं श्यामरावांच्या हातात कोंबली. "न्या. आणि लिहा एकदाचं."

घरी येऊन ते टेबलाशी बसले. 'शरीर हे एक...' एवढं लिहिलं आणि पाठीमागून पद्माबाई म्हणाल्या, "प्रस्तावना नको."

त्यांनी कागद बदलला.

'ज्योतीराम, तू गोळ्या सोडल्यास ती चूक केलीस. नको. पत्र हातात पडेल त्या क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि ते देतील ती औषधं घे. तोवर माझ्याकडून काढ्याचा थेंब मिळणार नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर स्वतःच्या पायांनी चालत ये आणि दे. श्याम वैद्य.'

वाचताना त्यांना आपलंच अक्षर परकं वाटलं. ऐकणारा एक माणूस ज्योतीरामला मिळाला होता; या चार ओळींनी तोही हुकूम सोडणाऱ्यांत जमा होणार होता. ज्योतीराम पुन्हा यायचा नाही. खाली 'तुझं ऐकायला मी आहेच' असं लिहावं म्हणून त्यांनी पेन टेकवलं. मग वाटलं, हा ते एवढंच वाक्य वाचील. आपणही तेच केलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पोस्टात खिडकीपाशी त्यांनी पाकीट धरून ठेवलं. "महाळुंगे. उद्या नक्की पोचेल ना?"

"स्पीड पोस्ट आहे, पोचेल. सोडा की काका, मागं लाइन आहे."

त्यांनी पाकीट सोडलं. कारकुनानं त्यावर पट्टी चिकटवली आणि न बघताच मागच्या पोत्यात टाकलं.