उतरवून ठेवलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे, पण मला पत्ता नाही. ट्रकच्या हौद्याचे फाळके काढून तो सपाट केला, की त्याच्यावर मला बसवतात. मग ट्रक चालतो आणि मी बसल्या जागी गावोगाव फिरते. लोक मला कॅम्पर म्हणतात. माझ्या पोटात तीन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि घडीचे टेबल आहे. चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय आहेत. पाय खाली सोडून, हँडल फिरवून मला उचलले आणि खालून ट्रक पुढे काढला, की मी जमिनीवर एकटी उभी राहते. हाच माझा मोठा गुण, असे सगळे सांगतात. या गुणाने एका म्हाताऱ्याचे वाटोळे केले. मी गोड बोलणाऱ्यांतली नाही, तेव्हा ऐकवत नसेल त्यांनी आत्ताच उठावे.

मला एका पत्र्याच्या मिस्त्रीने घडवले. हात सफाईदार, तोंड मात्र भलते घाण. एक रिबीट वाकडे बसले तर त्याला दुपारचे जेवण जात नसे. शेडमध्ये माझ्या शेजारी आणखी एक खोली उभी होती. ती माझ्याहून ऐसपैस, आत उभे राहून अंघोळ करता येईल एवढी. पण ती ट्रकच्या सांगाड्याला कायमचे बोल्ट मारून बसवायची. एकदा बसली की ट्रक मोडीत निघेपर्यंत उतरायची नाही. गिऱ्हाईक आले की आधी तिच्यात शिरायचे आणि मला नुसते टकटक करून पुढे जायचे. माझा जळफळाट व्हायचा.

एक दिवस तिघे जण आले. मुलगा, सून आणि मुलाचा बाप. मुलाने आणि सुनेने वर्षभराची रजा काढली होती. दूरदूर हिंडायचे आणि वाटेत व्हिडिओ काढायचे, असा त्यांचा बेत होता. ट्रक होता बापाचा. तीस वर्षे त्याने तो चालवला आणि गुडघे गेल्यावर दारात उभा करून ठेवला. ट्रक द्यायला त्याने मुलाला एकच अट घातली होती, "मलाही बरोबर न्या."

त्याला एक मिठाचे सरोवर बघायचे होते. बावीस वर्षे त्याने तिथले मीठ वाहिले, पण पोती भरायची ती डोंगराच्या अलीकडच्या गोदामातून. भरले की लगेच माघारी फिरायचे. डोंगर चढून पलीकडे जायला त्याला कधी सवड झाली नाही. पाणी आटले की नजर जाईल तिथवर जमीन पांढरीफटक होते, असे हमालांनी त्याला सांगितले होते.

"तेवढं एकदा बघायचं," तो मिस्त्रीला म्हणाला. "मग माझं काही मागणं नाही."

मुलाला शेजारीण पसंत पडली. सुनेने तर तिच्यात कपडे कुठे ठेवायचे तेही ठरवले. म्हाताऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो गुडघे धरत माझ्याखाली बसला आणि एकेक पाय हाताने हलवून पाहू लागला.

"बाबा, ती मोठी आहे," मुलगा म्हणाला.

"मोठी आहे, पण गाडीला खिळलेली आहे. गाडी गॅरेजात गेली की आपण तिघं रस्त्यावर. ही उतरवून ठेवता येते. गाडी नीट होईस्तोवर माणसं घरात."

"आणि सारखं चढवायचं-उतरवायचं कोण करणार?"

"मी करीन की. मला काय दुसरं काम आहे?"

मग त्याने माझी टाकी काठोकाठ भरायला लावली, शेगडी, गाद्या, भांडीकुंडी आत ठेवायला लावली, मला ट्रकवर घालायला लावले आणि तिघे पुढे बसून मला थेट वजनकाट्यावर घेऊन गेले. मिस्त्री रिकामे वजन सांगत होता, तर म्हातारा म्हणाला, "रिकाम्या घरात कोण राहतं का?" काटा ट्रकच्या ताकदीत बसला. शेजारीण बसली नसती, हे मिस्त्रीलाही कबूल करावे लागले. अशी माझी निवड झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आपल्याला पारखून घेणारा भेटला, असे वाटले.

पहिले तीन महिने मजेत गेले. मुक्कामाला पोचलो की म्हातारा माझे पाय सोडायचा, पाण्याने अर्धी भरलेली बाटली माझ्या आत आडवी ठेवून मी सरळ आहे का ते पाहायचा आणि मगच ट्रकला इशारा करायचा. निघताना चारही साखळ्या स्वतः आवळायचा. वाटेतले लोक तोंड भरून कौतुक करायचे. व्हिडिओतही तो असायचा. 'ट्रकवाले आजोबा' म्हणून पाहणारे त्याची चौकशी करायचे.

पण खोली केवढीशी, आणि त्यात तीन माणसे. म्हातारा खोकायचा. पहाटेच उठून शेगडी पेटवायचा. जिना उतरायला त्याला पाच मिनिटे लागायची आणि तोवर सून बाहेर हात बांधून उभी राहायची. व्हिडिओत तो आधी कडेला गेला, मग दिसेनासा झाला. एकदा तो खाली माझे पाय तपासत असताना दोघे आत बसून बोलले. आमच्या भिंतींना ऐकू येते, मित्रांनो.

"त्यांना कुठं ठेवणार? हट्ट करून येतील मागं," सून म्हणाली.

"नाही येणार. खोली त्यांच्या ताब्यात दिली की ते हलणार नाहीत. जन्मात कधी माल सोडून हलले नाहीत बाबा."

ट्रकवाल्यांची ती रीत असते. माल ताब्यात आहे तोवर ड्रायव्हर त्याच्यापासून हलत नाही, जेवायलासुद्धा नाही. मुलगा त्याच रीतीवर लहानाचा मोठा झाला होता. आता त्याने ती बापालाच लावली.

डोंगराच्या पायथ्याशी एका टायरवाल्याच्या दुकानामागे मला उतरवले. पलीकडे ते सरोवर होते. मुलगा म्हणाला, की चढाचा रस्ता अरुंद आहे, खोली वर घेऊन जाणार नाही. ते खोटे होते. माझ्याहून उंच ट्रक दिवसभर त्या रस्त्याने जात-येत होते आणि म्हातारा ते डोळ्यांनी पाहत होता.

"पुढं तीन जणांची जागा आहे," तो म्हणाला. "मी बसतो ना पुढं."

"खोलीपाशी कुणीतरी हवं ना, बाबा. तुमच्याच भरवशावर ठेवून चाललोय. तीन दिवसांत येतो."

म्हाताऱ्याने माझा एक पाय हलवून पाहिला. मग म्हणाला, "बरं. सावकाश जा."

तीन दिवसांचे आठ झाले आणि आठांचे पन्नास. फोन यायचा, तो दर वेळी आधीच्यापेक्षा आखूड. टायरवाला माणूस भला होता. एके दिवशी त्याने म्हाताऱ्याला आपल्या फोनवर व्हिडिओ दाखवला. पांढऱ्याफटक जमिनीवर मुलगा आणि सून अनवाणी चालत होती. मोकळ्या ट्रकवर त्यांनी तंबू ठोकला होता. मुलगा हसून सांगत होता, "आता आम्ही दोघंच. इतकं हलकं वाटतंय." म्हाताऱ्याने ते दोनदा पाहिले आणि विचारले, "गाडीचं पुढचं डावं चाक हवेला कमी आहे का रे? बघ जरा."

"उस्ताद, चाकाचं सोडा," टायरवाला म्हणाला. "समोरून दिवसाला वीस गाड्या वर जातात. कुणालाही सांगतो, सकाळी जा, संध्याकाळी परत या. मी लक्ष ठेवतो खोलीवर."

"माझ्या ताब्यात दिलीय त्यानं. मी नसताना आला तर काय म्हणेल?"

मी जास्त दिवस उभी राहणार असेन, तर मला खाली जमिनीलगत घ्यावे, असा नियम आहे. म्हाताऱ्याला तो पाठ होता. पण खाली घेतले की ट्रकला माझ्याखाली शिरता येत नाही. म्हणून त्याने मला वरच ठेवले, ट्रकच्या हौद्याहून वीतभर उंच. वारा सुटला की मी डुलायची. मऊ मातीत एक पाय खचायचा. रोज सकाळी तो दुखऱ्या गुडघ्यांवर बसून हँडल फिरवायचा आणि मला पुन्हा सरळ करायचा. उठताना माझ्याच पायाला धरायचा. मला सगळे ठाऊक होते आणि तोंड नव्हते. पण खरे सांगते, तोंड असते तरी मी बोलले नसते. मला उचलणारा तो एकटाच होता. तो गेला असता तर मी पडले असते.

एका दुपारी ट्रक आला. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्याने पिशवी भरून पायरीवर ठेवली आणि मागे उभा राहून हात हलवू लागला. "येऊ दे, येऊ दे. डावीकडं काप. येऊ दे. बस." पहिल्या खेपेत ट्रक माझ्याखाली बसला.

"वा, तयारच ठेवलीय तुम्ही," मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्याने पाय उचलून घेतले, साखळ्या आवळल्या आणि हात पुसत विचारले, "आता वर जायचं ना?"

मुलगा साखळीकडे बघत म्हणाला, "नाही, बाबा. ही दिली मी एका जोडप्याला. उद्या पोचवायचीय. आम्हाला ट्रकच पुरतो."

"आणि मी?"

"टायरवाल्याशी बोललोय. त्याची मागची खोली रिकामी आहे. तुम्हाला इथं करमलंयच ना."

सून पुढे बसून होती, ती खाली उतरलीच नाही. म्हाताऱ्याने पायरीवरची पिशवी उचलली. ओरडला नाही, रडला नाही. मला त्याचा राग आला. तो फक्त म्हणाला, "शंभर किलोमीटरवर थांब आणि साखळ्या पुन्हा आवळ. नव्यानं बांधल्या की सैल पडतात."

मुलगा बापाच्या शब्दाला जागला, मित्रांनो. शंभर किलोमीटरवर त्याने ट्रक बाजूला घेतला आणि चारही साखळ्या एकेक करून आवळल्या. माझ्या कडेवर चिखल उडाला होता, तो स्वतःच्या रुमालाने पुसला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने नाव पाहिले, फोन बंद केला आणि माझे दार नीट लागले आहे ना, ते दोनदा ओढून पाहिले.

आमच्यासारख्यांच्या आत्मकथेच्या शेवटी वस्तू हात जोडतात आणि म्हणतात, बाळांनो, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. नव्या जोडप्याने मला रंग दिला आहे, पायांना दर महिन्याला तेल मिळते, पावसात माझ्यावर ताडपत्री पडते. माझी काळजी सगळे घेतात. तुमच्या घरात ज्याला 'जरा इथं थांबा, आम्ही आलोच' असे सांगून ठेवले आहे, त्याला जाऊन घेऊन या.