गप झालेली दाढ

रावजीनं सरबताच्या गाड्यावरचा बर्फाचा खडा उचलला आणि थेट डाव्या दाढेखाली धरला.

"बघ! हाय का कळ? आपोआप बरी झाली."

"बरी न्हाय, लबाड झालीया," त्याचा दोस्त बिभीषण म्हणाला. "लाव पैज. डॉक्टर अंकिता सांगंल ते खरं. हरंल त्यानं ह्याच चौकात, समद्यांम्होरं, दुसरा म्हणंल ते करायचं."

गाड्याभोवती टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की रावजी गल्ली बदलायचा, पण आता पळायला जागा नव्हती.

डॉक्टर अंकिता ह्याच भवानी पेठेत लहानाची मोठी झालेली. तिनं रावजीला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं.

"काका, पहिल्यांदा कधी दुखली?"

"आमचे कापडाचे लूम चालू हुते तवा. गार पाणी लागलं की चमक यायची. घोट गिळला की गेली."

"मग?"

"मग मालकानं लूम भंगारात घातले. त्या वर्षी चहा पिला की ठणकायची. घंटा घंटा हटायची न्हाय. काय न खाता पन."

"आणि आता?"

"आता गप हाय."

तिनं कापसाचा गारेगार बोळा शेजारच्या दाताला लावला. रावजी खुर्चीतून उडाला. बिभीषण खदखदून हसला. मग तोच बोळा दाढेला लावला. रावजी डोळे मिटून वाट बघत राहिला. काहीच नाही. तिनं आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच टकटक केलं, तेव्हा मात्र तो कळवळला.

"पहिल्या दुखण्याला आला असता तर नुसती भरून भागलं असतं. दुसऱ्या दुखण्यात नस हातची गेली. आता ती मेलीय, काका. म्हणून गप. त्रास मुळाशी उतरलाय."

रावजीनं गालावर हात ठेवला.

"उपटू नगंस पोरी. धागा तोडायची दाढ हाय ती."

"आता कुठला धागा, काका?"

बिभीषणचं हसू थांबलं.

"बरं, ठेवू," ती म्हणाली. "मेलेली नस काढून मुळं भरू."

रविवारी संध्याकाळी हरलेली पैज बघायला चौकात गर्दी जमली. बिभीषणनं अर्धी मिशी भादरण्यापासून गाढवावर बसवण्यापर्यंत सगळं योजून ठेवलं होतं. रावजी समोर येऊन उभा राहिला, तेव्हा बिभीषणनं नुसतं डोकं खाजवलं.

"रावज्या, लूम चालव. तोंडानं."

हशा पिकला. रावजीनं ओठ पुसले.

"खटाक्-फट, खटाक्-फट, खटाक्-फट..."

पोरं हसली. मग हसायची थांबली. रावजीची मान ठेक्यात हलायला लागली होती.

दारात मेथी निवडत बसलेल्या सावित्रम्मानं समोरच्या चंद्रव्वाला विचारलं, "आज भाजी काय गं?" लूमच्या आवाजात ऐकू जावं म्हणून गल्लीतल्या बायका पूर्वी ओरडायच्या, तशी, घसा ताणून.

"वांगं!" चंद्रव्वाही तेवढ्याच जोरात ओरडली.