शिट्टीची तक्रार: मेथीचा काय गुन्हा?

मित्रांनो, मी कुंडलच्या लालासाहेबांच्या गळ्यातली जुनी पितळी शिट्टी. कारखान्यात मला घडवलं, पोटात बुचाचा मणी घातला आणि पलटणीत धाडलं. तिथं लालासाहेबांनी माझ्या जोरावर वीस वर्षं जवान पळवले. माझा आवाज मैदानाच्या पार टोकाला जायचा. मोठमोठे साहेब माझं कौतुक करायचे.

निवृत्त झाल्यावर ते गावात पोलीस भरतीच्या तयारीसाठी पोरींना मैदानावर पळवू लागले. त्यांची नात संयोगिताही त्यांत होती. पण त्यांच्या बिड्या वाढल्या आणि माझ्यात फुंक कमी, खोकलाच जास्त येऊ लागला. लोक म्हणाले, "शिट्टी गंजली वाटतं." पितळ कधी गंजतं का हो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यांच्या पत्नीने, बयाबाईंनी, त्यांना सांगलीच्या एका ॲक्युप्रेशर शिबिरात नेऊन बिडीची तलफ दाबायला कानाला मेथीचे दाणे चिकटवून घेतले. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "तलफ आली की दाणा दाबा. पण बिडी तुम्हालाच सोडायची आहे, आणि डॉक्टरांनाही भेटा." यांनी काय करावं? एका हाताने दाणा दाबायचा आणि दुसऱ्या हाताने बिडी ओढायची! वर सांगायचे, "दाणं लावल्यात न्हवं? मग येखादी चालतीय." दिवसाला दहाच्या पंधरा बिड्या झाल्या. बिचाऱ्या मेथीचा यात काय गुन्हा? लोकांनी नावं मात्र तिलाच ठेवली.

भरती महिन्यावर आली. सकाळी पोरी रेषेवर उभ्या होत्या. लालासाहेबांनी मला फुंकलं, तर नुसता वारा आला. पुन्हा फुंकायला गेले आणि खोकल्याची उबळ येऊन मैदानातच खाली बसले. ओठ काळेनिळे पडले.

संयोगिता धावत आली. "आवं आजोबा, मी वर्दी घालीन. पण ती बघायला तुमी ऱ्हायाला पायजे का नगं?"

"दाणं हायत की गं कानाला."

"दाणं कानाला हायत, बिडी तोंडात हाय. आज डॉक्टरांकडं चला. बिडी सुटंस्तवर ही शिट्टी माज्याकडं."

तिने मला त्यांच्या गळ्यातून काढलं. त्यांनी खिशातलं बिड्यांचं बंडल तेवढं तिच्या हातावर ठेवलं.

आता ते डॉक्टरांच्या गोळ्या घेतात, तलफ आली की दाणाही दाबतात. चौदा दिवस बिडी नाही. मित्रांनो, दाणे लावा, प्राणायाम करा, पण त्यांच्या आडून धूर ओढू नका. संयोगिता मला झकास वाजवते, खोटं कशाला बोलू? तरी मला माझ्या धन्याचीच फुंक हवी आहे.