चारशे सतरा नंबरचा बास

चारशे सतराने माझ्या डोक्याचा पार भुगा केला होता.

बास म्हणजे एकच मासा नव्हे. ते आख्खं गोत आहे, आणि त्यात कोणाला धरायचं नि कोणाला वगळायचं यावर जाणकारही एकमेकांशी भांडतात. आमच्या तळ्यात आहे तो मोठ्या तोंडाचा. थंडी सरली की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून थाळीएवढं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि हा पठ्ठ्या पिल्लं सुटी होईपर्यंत पहारा देत बसतो. जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतो, म्हणून गळालाही चटकन लागतो. तो गेला की बाकीचे मासे पाच मिनिटांत अंडी फस्त करतात.

तेव्हा तळ्याचा उथळ कोपरा दोन महिने मासेमारीला बंद ठेवा, असं माझं म्हणणं. या दिवसांत नर घरट्यापासून हलत नाहीत हे तळ्याचे नियम ठरवणाऱ्या समितीला दाखवायला मी साठ नरांच्या पाठीत नंबर घातलेले पिवळे बिल्ले टोचले होते. असा मासा मिळाला की आमच्या मत्स्य कार्यालयात फोन करून नंबर, जागा आणि लांबी सांगायची, अशी पाटी प्रत्येक धक्क्यावर लावली होती. एकोणसाठ मासे शहाण्यासारखे वागले. चारशे सतरा मात्र तीन आठवड्यांत अकरा वेळा सापडला. पहिल्यांदा उथळ कोपऱ्यात, मग धरणाच्या भिंतीशी, पंपघराजवळ, पार पलीकडच्या धक्क्यावर. सोमवारी अडतीस सेंटिमीटर, मंगळवारी चव्वेचाळीस, गुरुवारी छत्तीस.

"मॅडम, हा मासा आहे की टपालवाला?" फोनवर बसणाऱ्या सहकारी मुलीने विचारलं.

मला हसू आलं नाही. चार वाजता समिती बसणार होती, आणि साहेब सकाळीच म्हणाले होते, "तुमचा मासा एवढा भटकत असेल तर कोपरा बंद करून काय उपयोग?" एकच नंबर दोन बिल्ल्यांवर पडला असेल म्हणून मी उरलेले बिल्ले पुन्हा तपासले. नव्हता पडला. माझंच काही चुकलं का, मासाच वेडा आहे का, काही कळेना.

मग बाबांची आठवण झाली आणि पित्त खवळलं. चाळीस वर्षं ते त्या कोपऱ्यात गळ टाकत आलेले. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर मी कोपरा बंद करायचं बोलले, तर "मला मासेमारी शिकवतेस?" म्हणून ताटावरून उठले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

"हे फोन करतं कोण?" मी फोनवरच्या मुलीला विचारलं.

"एक आजोबा आहेत. नाव नाही सांगत. आठवड्यातून तीन-चारदा, तीनच्या सुमाराला करतात. माशाचं झालं की तुमची चौकशी करतात."

"माझी?"

"नोंदी ठेवणाऱ्या बाई बऱ्या आहेत का, वेळेवर जेवतात का. मी सांगते आपली, आज चिडल्यात, आज खोकला आहे."

तीन वाजता मीच फोनपाशी बसले.

"नमस्कार. चारशे सतरा, धरणाच्या भिंतीशी..."

"बाबा."

त्यांनी फोन ठेवायच्या आत मी सुरू केलं.

"माझ्या दोन वर्षांच्या कामात माती कालवताय तुम्ही. कोपरा उघडा राहावा म्हणूनच ना?"

"मी? मी काय केलं गं?" ते खरंच गोंधळले होते. "तो मला एकदाच लागला. कोपऱ्यातच. बिल्ला पाहिला आणि तुझं काम म्हणून तिथल्या तिथे सोडला. सरळ घरट्यावर गेला, शेपटी हलवत. त्या दिवसापासून मी तिकडे गळ टाकलेला नाही."

"मग ही भिंत, ते पंपघर?"

"दर वेळी कोपराच सांगितला असता तर तू म्हणाली असतीस, म्हातारा अजून घरट्यावरचेच मासे धरतोय. मी सोडलंय ते तुला कळावं, म्हणून लांबलांबच्या जागा सांगितल्या."

"आणि लांबी?"

"ती आपली अंदाजाने."

मला रडावं की ओरडावं ते समजेना. माझं ऐकलं हे दाखवायला या माणसाने माझाच पुरावा बुडवायला घेतला होता.

"बाबा, पहिली नोंद ठेवून बाकीच्या दहा मी खोडतेय. हा नंबर पुन्हा सांगायचा नाही."

"बरं. मग उद्या काय सांगून फोन करू?"

"मीटिंग आहे, ठेवते," मी म्हणाले आणि ठेवला फोन. नोंदवही पुढ्यात ओढून एकेका ओळीवर रेघ मारायला लागले. भिंत गेली, पंपघर गेलं. प्रत्येक ओळ म्हणजे त्यांचा एक दिवस होता, फोनपाशी बसून कुठली जागा सांगावी याचा विचार करण्यात गेलेला. मला स्वतःची लाज वाटली.

समितीच्या खोलीतून साहेबांनी हाक मारली. मी हातानेच थांबा म्हटलं आणि बाबांच्या घरचा नंबर लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"उद्या काही न सांगता फोन करा, बाबा," मी म्हटलं. "मीच उचलेन."