जीपच्या पोटातली तांब्याची वेणी

मित्रांनो, जीपचे दिवे सगळ्यांना दिसतात, हॉर्न सगळ्यांना ऐकू येतो. मी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक जुनी पट्टी, लहान मुलीच्या वेणीएवढी, ती मी. माझं एक टोक बॅटरीला आणि दुसरं जीपच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टनं आवळलेलं असतं. बॅटरीतून निघालेली वीज सगळीकडे फिरून माझ्याच वाटेनं परत येते. मी अडले, की सगळंच अडतं.

काही वर्षं मी फौजेच्या जीपमध्ये काढली. मग ती जीप लिलावात निघाली आणि आष्ट्याजवळच्या नाथाजीरावांनी ती आपल्या उसाच्या मळ्यासाठी घेतली. पोरंटोरं तिला हात लावून "लय भारी गाडी हाय!" म्हणायची. मी आतल्या आत सुखावायचे.

एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला जुनी बॅटरी बदलली. नाथाजीरावांनी सांगलीहून नवी कोरी आणली आणि बसवण्याआधी त्यांच्या कारभारणीनं, लीलाबाईंनी, तिची पूजा केली. मला सोडवून शेजारीच ठेवलं होतं. त्यांनी माझ्याही एका टोकाला ओल्या हळदीकुंकवाचं जाड बोट ओढलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी पहिलीच पूजा! मी हरखून गेले. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून नाथाजीरावांनी ते टोक तसंच सांगाड्यावर ठेवून बोल्ट आवळला. त्या दिवशी गाडी सुरूही झाली. पण मग हळद वाळली आणि माझ्या नि लोखंडाच्या मध्ये तिचा थर बसला.

दसऱ्याच्या सकाळी त्यांची धाकटी नात बनू उलट्याजुलाबांनी पार गळून गेली. तिची आई अंजना साताऱ्याच्या कॉलेजात शिकलेली. पोरीवरून तिची नजर हलत नव्हती.

"मामंजी, ही रडतेय, पण डोळ्यांत पाणी नाही," ती म्हणाली. "अंगातलं पाणी संपलंय. सांगलीला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

नाथाजीरावांनी स्टार्टर दाबला. नुसतं टक्! दिवे मिणमिणले, हॉर्न घोगरा कण्हला. ढकलावी, तर चाकं काळ्या चिखलात रुतलेली आणि गडीमाणसं सणाला आपापल्या गावी गेलेली.

"नवी बॅटरी आन् ही तऱ्हा! दुकानदारानं टोपी घातली," नाथाजीराव चरफडले.

"आवं, पानी कमी पडलं आसंल तिला," लीलाबाई म्हणाल्या.

"कालच आनलीया! म्हस हाय व्हय, सारखं पानी पाजायला?"

त्यांनी एकेक वायर ओढून पाहिली, बॅटरीवरची टोकं सोडून पुन्हा आवळली. पुन्हा टक्. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी? स्टार्टर दाबला, की माझं खालचं टोक भाजून निघायचं. तेवढीच माझी हाक.

बनूला खांद्यावर घेऊन अंजना बॉनेटखाली वाकली. "मामंजी, पुन्हा एकदा दाबा." टक्. तिनं श्वास ओढला. "हळद करपतेय. फोडणीत करपते ना, तसा वास येतोय." तिनं बोटानं चाचपत माझं टोक गाठलं आणि चटका बसून हात मागे घेतला. "इथंच अडलंय! हा थर पुसायला हवा."

"हां! हात लावू नगंस!" लीलाबाई किंचाळल्या. "नवमीचं कुंकू सवाशिणीनं पुसायचं? सयाजी तिकडं सीमेवर हाय!"

सयाजी म्हणजे अंजनाचा नवरा. तिचा हात तिथंच थिजला. तेवढ्यात बनूची मान खांद्यावरून कलंडली.

"आत्याबाई," अंजना म्हणाली, "पुसत नाही. उचलून घेते."

नाथाजीरावांनी बोल्ट सैल केला. तिनं नखानं तो थर खरवडला आणि ती भुकटी आधी सासूच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. लीलाबाईंनी कपाळाला बोट लावून पाहिलं. मग एकदम हत्यारांच्या पेटीतला काचकागद काढून त्यांनीच तिच्या हातात कोंबला.

"आता बगतीस काय? घास की जोरात! पोर हातची जाईल!"

काचकागद माझ्यावर फिरला, सांगाड्यावर फिरला. सोसलं मी. उघडं तांबं उघड्या लोखंडाला भिडलं, बोल्ट आवळला गेला आणि जीप पहिल्याच दाबाला गरजली. चारी चाकांचा जोर लावून ती चिखलातून बाहेर पडली.

सांगलीच्या दवाखान्याबाहेर लीलाबाई जीपमध्येच बसून राहिल्या. आत जायचा धीर होत नव्हता. दुपार कलल्यावर अंजना पायऱ्या उतरून धावत आली. "आत्याबाई, चला! सलाईन चढलं, तुमच्या नावानं भोकाड पसरलंय तिनं!"

पुढच्या दसऱ्याला सयाजी रजेवर घरी होता. लीलाबाईंनी बॉनेट उघडायला लावलं. मित्रांनो, माया करणाऱ्या हातांनीही वस्तूची वाट अडते. म्हणून जिच्यावर जीव आहे, ती कशानं चालते हे आधी जाणून घ्या. कुंकू त्यांनी बॉनेटला लावलं. मला मात्र कोरड्या फडक्यानं नीट पुसलं, आणि बोल्ट घट्ट आहे ना, ते लेकाकडून दोनदा बघून घेतलं.