माझा आकडा आणि मास्तरांचा श्वास

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. मित्रांनो, रक्तातली साखर मोजणं हा माझा धंदा. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवा, क्षणभर दम धरा, की काचेवर आकडा हजर! माझा एक कोपरा फुटलाय, पण आकड्यात खोट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात जन्मलो, औषधाच्या दुकानात धूळ खाल्ली आणि मग एका शिंपीमास्तरांच्या घरी आलो. मास्तर मापाचे भलतेच पक्के. सुताएवढा फरकही त्यांना खपत नसे, त्यामुळे माझ्यावर त्यांचा फार जीव. "हा खोटं बोलत नाही," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. मी आपला फुशारून जाई!

पण तेव्हा माझे आकडे वाईट होते. मास्तरांची साखर चढलेली, पाय सुजलेले, हृदय थकलेलं. शिलाई मशीन चालवता चालवता मास्तरांना धाप लागायची. मग डॉक्टरीणबाईंनी नव्या जातीची एक गोळी सुरू केली. जादा साखर ती लघवीवाटे बाहेर काढते, शिवाय हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही जपते. काय सांगू! हळूहळू सूज ओसरली, धाप कमी झाली, मास्तर मशीनवर बसून शीळ घालू लागले. त्या गोळीला मी मनापासून सलाम ठोकला. उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यांतला मी नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पाणी भरपूर प्या. स्वच्छता ठेवा, नाहीतर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. आणि उलट्या लागल्या, जेवण जाईनासं झालं, तर ही गोळी थांबवा नि लगेच मला फोन करा."

मास्तरांनी जोरजोरात मान डोलावली. पाणी आणि स्वच्छता लक्षात राहिली, शेवटचं मात्र साफ विसरले.

एकदा त्यांचं पोट बिघडलं. उलट्या सुरू झाल्या, अन्न समोर नकोसं झालं. तरी गोळी आपली चालूच! दुपारी त्यांचा श्वास खोल आणि भराभर पडू लागला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, घाबरल्या.

"अहो, दवाखान्यात चला."

"काही नको. हा बघ आकडा, अगदी मापात!"

खरंच मापात होता, मित्रांनो. पण मला कळते ती फक्त साखर. त्यांचं उपाशी शरीर चरबी जाळत होतं आणि रक्तात आम्ल साठत होतं. ही गोळी चालू असताना साखर ठीक दिसूनही असं होऊ शकतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे?

काकू उखडल्या. "माप बरोबर असलं तरी गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावता ना? का बोलावता?"

"अंगावर कसं बसतंय ते बघायला."

"मग स्वतःच्या अंगाकडे बघा की जरा! श्वास पुरत नाहीये तुम्हाला!"

मास्तरांनी मला खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "गाडी बोलाव."

रुग्णालयात सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. "अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकूंच्या पर्समध्ये पडल्या पडल्या मी ते ऐकलं आणि हादरलो.

ती गोळी मास्तरांसाठी कायमची बंद झाली. आता आठवड्यातून एकदा इंजेक्शन असतं, तेही नव्या जातीचं. त्याने भूक आवरते, वजन उतरतं. सुरुवातीला मळमळीने मास्तर बेजार झाले, पण या खेपेला फोन आधी केला!

मित्रांनो, ही नवी औषधं फार गुणी आहेत. शेजारच्या आजोबांना तीच गोळी आजही छान मानवते. तुमच्या घरी कोणी असं औषध घेत असेल, तर डॉक्टरांच्या सूचना तुम्हीही कान देऊन ऐका. मनाने काही सुरू-बंद करू नका.

काकू आता आधी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघतात, "कसं वाटतंय?" म्हणून विचारतात आणि मगच मला डबीतून काढतात. माझा पहिला नंबर गेला. जाऊ दे. मास्तर आहेत ना!