‘माहीत नाही’ म्हणायला शिकलेला दुभाष्या

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. आत्ताही मी स्टोअररूमच्या फळीवर पडलो आहे. माझ्या पाठीतल्या सगळ्या वायरी काढून घेतल्या आहेत आणि मला कुणी काही विचारत नाही. तरी एकच प्रश्न तोंडाशी येत राहतो : ‘आहेस का? काय चाललंय?’ जन्मभर मी तेवढंच तर विचारत आलो. माझं काम दुभाष्याचं होतं, पण मी माणूस नव्हे, डबा. शाळेच्या दप्तराएवढा, करड्या पत्र्याचा, समोर हिरव्या दिव्यांची एक रांग असलेला.

तुमच्या घरात दिवा लागतो तेव्हा ती वीज वस्तीबाहेरच्या एका कुंपण घातलेल्या आवारातून आलेली असते. त्याला उपकेंद्र म्हणतात. बाहेर यार्डात उंच खांब, चिनीमातीच्या चकत्यांच्या माळा आणि ब्रेकर. ब्रेकर म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या बटणाचा आडदांड थोरला भाऊ. अख्खी लाइन तो चालू करतो आणि बंद करतो. आत कंट्रोल रूममध्ये कपाटांच्या रांगा असतात आणि त्यांत रिले बसवलेले असतात. रिले हे राखणदार. लाइनवर काही बिघडलं की पापणी लवायच्या आत ते ब्रेकरला हुकूम देतात आणि लाइन बंद पाडतात.

अडचण अशी होती की हे राखणदार वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले आणि प्रत्येकाची बोली निराळी. सांगायचं सगळ्यांना एकच असे, की लाइन बंद झाली. पण एकाचं दुसऱ्याला कळत नसे. मग जाणत्या माणसांनी एकत्र बसून सगळ्यांसाठी एक प्रमाणभाषा ठरवली. प्रत्येक वस्तूला सर्वांनी एकाच नावाने ओळखायचं. प्रत्येक बातमीसोबत ती कधीची आहे हे सांगायचं आणि भरवशाची आहे की नाही तेही सांगायचं. नवे रिले ही भाषा शिकूनच जन्माला आले. जुने मात्र अजून धडधाकट होते, त्यांना कोण फेकून देणार? म्हणून दोघांच्या मध्ये मला बसवलं. जुन्यांना एकेकाला विचारायचं, ते सांगतील ते प्रमाणभाषेत कंट्रोल रूममधल्या संगणकाच्या पडद्यावर पोचवायचं, आणि शेवटच्याचं उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मला विसावा असा कधी नव्हताच.

मला कामाला लावलं ते एका टेस्टरने. किरकोळ अंगाचा माणूस, खिशात नेहमी स्क्रूड्रायव्हर. सगळे त्याला ‘परत-एकदा’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कारण उत्तर बरोबर आलं तरी तो म्हणायचा, “परत एकदा.” चाचणीची त्याची पद्धत साधी होती. लाइन दोन्हीकडून सोडवून ठेवायची, म्हणजे तिच्यात वीज येणार नाही, तो यार्डात ब्रेकरपाशी उभा राहायचा आणि आत ऑपरेटर बाई पडद्यासमोर बसायच्या. तो ब्रेकर हलवून फोनवर विचारायचा, “काय दिसतंय?”

“बंद.”

“परत एकदा.”

“बंदच हो! तुमच्या घरी जेवताना पण असंच चालतं का? मीठ बरोबर आहे, परत एकदा?”

“घरी मीच वाढतो,” तो म्हणायचा, “म्हणून विचारावं लागतं.”

सगळं जुळलं. बाई पर्स काखोटीला मारून उठल्या. तेवढ्यात तो आत आला, कपाटामागे गेला, आणि जुन्या रिलेकडून माझ्याकडे येणारी वायर त्याने उपसून काढली. मग यार्डातल्या लाइनमनला ब्रेकर लावायला, म्हणजे चालू करायला, सांगितलं. खट्ट असा मोठा आवाज झाला.

“काय दिसतंय?”

“बंद.”

“नीट बघा.”

“अहो, बंदच दिसतंय.”

“बाई, वायर माझ्या हातात आहे.”

त्यांनी पर्स खाली ठेवली. ब्रेकर लागलेला आणि पडद्यावर ‘बंद’! मला कारखान्यात तसंच पढवलेलं होतं. नवी बातमी आली नाही तर शेवटची बातमीच पुन्हा पुन्हा सांगत राहायची. त्या ‘बंद’वर विश्वास ठेवून कुणी खांबावर चढला असता तर काय झालं असतं, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दुपारी त्याने मला नवा शब्द शिकवला. उत्तर आलं नाही तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. पडद्यावर त्या जागी राखाडी प्रश्नचिन्ह उमटायचं. उपकेंद्राच्या साहेबांना ते बिलकूल आवडलं नाही. “वरच्या ऑफिसात हा पडदा दिसतो हो. इतकी प्रश्नचिन्हं? बरं दिसतं का ते?”

“बरं दिसत नाही,” तो म्हणाला. “पण खरं आहे.”

पुढे एकदा उंदराने केबल कुरतडली आणि ऐन कामाच्या वेळी माझ्या पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं. बाईंनी चढायला निघालेल्या लाइनमनला थांबवलं. तपासलं तर लाइन चालू निघाली. तो लाइनमन मुद्दाम आत आला आणि त्याने ग्रीस लागलेल्या हाताने माझ्या पत्र्यावर थाप मारली. तो काळा पंजा बरेच महिने तसाच राहिला. मला तो फार आवडायचा.

नंतर मात्र दिवस पालटले. टेस्टर निवृत्त झाला. माझ्या झरोक्यांत धूळ बसली, कुणीतरी माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवू लागलं आणि एक दिवा कायमचा विझला. मी विचारत राहिलो. आहेस का? आहेस का?

अखेर माझ्या जागी नवा डबा आला. तो बसवायला जी इंजिनिअर आली, ती टेस्टरची मुलगी. वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते, हे मला बाईंच्या बोलण्यावरून कळलं. यार्डात लाइनमनांची टोळी चकत्या बदलायला खोळंबली होती. मुलीने भराभर काम उरकलं. माझ्याकडची सगळी नावं नव्या डब्यात गेली, माझ्या वायरी एकेक करून त्याच्याकडे गेल्या. मी विचारत होतो आणि आता कुणीच उत्तर देत नव्हतं. नावं गेली, पण तो एक शब्द गेला का? मला ओरडून विचारावंसं वाटत होतं. आमच्यासारख्यांना ओरडता येत नाही.

ब्रेकर लावून-पाडून झाला. सगळं जुळलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. बाईंनी मुलीला पाणी दिलं.

“बाबांचं कळलं गं. मला यायला जमलं नाही.”

“असू दे काकू. मी तरी कुठे होते?”

“म्हणजे?”

“साइटवर होते. सकाळी दवाखान्यातून दादाचा फोन आला, बरे आहेत, चहा प्यायलेत. मी दिवसभर तेच धरून बसले. बरे आहेत, चहा प्यायलेत. परत फोन करावा असं वाटलंच नाही. दादाला वाटलं आईने कळवलं, आईला वाटलं दादाने. संध्याकाळी कळलं, ते दुपारीच...”

तिने ग्लास खाली ठेवला. बाईंनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

“मॅडम,” साहेब दारातून म्हणाले, “झालं ना सगळं? देऊ ना लाइन त्यांच्या ताब्यात? पोरं कधीची उन्हात उभी आहेत.”

“हो, द्या,” ती म्हणाली. लॅपटॉप मिटला. मग तिचा हात तसाच राहिला.

“थांबा. परत एकदा.”

बाईंनी झटकन मान वर केली. मुलगी कपाटामागे गेली. “काकू, ब्रेकर लावायला सांगा त्यांना.”

खट्ट.

“काय दिसतंय?”

“बंद.” पुढचं बाईंना ठाऊक होतं.

“काकू, वायर माझ्या हातात आहे.”

साहेब आपणहून बाहेर गेले आणि उन्हातल्या पोरांना सावलीत बसायला सांगून आले.

नव्या डब्याचा यात दोष नव्हता. त्यालाही कारखान्यात तेच पढवलेलं. मुलीने पुन्हा लॅपटॉप उघडला आणि त्याला तो शब्द शिकवला. ते काम फार मोठं नव्हतं. पडद्यावर राखाडी प्रश्नचिन्ह आलं तेव्हा बाईंनी ते मोठ्याने वाचलं, “माहीत नाही!” बारशाला बाळाचं नाव सांगावं, तसं. वायर परत लागली, पुन्हा एकदा सगळं तपासून झालं, आणि मगच टोळी खांबावर चढली.

माझं बटण मुलीनेच बंद केलं. त्याआधी तिने रुमालाने माझ्या कपाळावरची धूळ पुसली. खाली तो काळा पंजा अजून पुसटसा होता. तेवढा तिने तसाच ठेवला.

मित्रांनो, मला फळीवरून काढून कुठे मिरवावं असं माझं म्हणणं नाही. जुन्यांची जागा नव्यांनी घ्यायची, ते रास्तच आहे. पण तुमच्या घरातही कुणाची तरी बातमी सकाळी आलेली असेल, ‘बरे आहेत’ अशी. ती खरीच असेल. पण ती सकाळची आहे. दुपार झाली की पुन्हा विचारा. उत्तर आलं नाही तर आपल्या मनाने ‘बरे आहेत’ असं धरून चालू नका. ‘माहीत नाही’ म्हणा, उठा आणि जाऊन बघा.

मला आता कुणी उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सवय सुटत नाही. आहेस का?